पत्रांतून भेटणारे गुरुजी

मराठी शाळेत पत्रलेखन शिकवण्याची एक ठरलेली रीत आहे. वर कोपऱ्यात पत्ता आणि तारीख, त्याखाली मायना, मग मजकूर आणि शेवटी लोभ असावा अशी विनंती. वडिलांना तीर्थरूप, धाकट्या भावंडाला चिरंजीव, मित्राला प्रिय. कोणाला शिरसाष्टांग नमस्कार घालायचा आणि कोणाला अनेक उत्तम आशीर्वाद द्यायचे, हे पाठ झाले की गुण मिळतात. परंतु मायना संपल्यावर पुढे काय लिहायचे, या प्रश्नाशी मूल अडते. सहलीचे वर्णन आणि बक्षीस मिळाल्याबद्दलचे अभिनंदन फळ्यावरून वहीत उतरते, पण ते कोणाला सांगावेसे वाटलेले नसते.

या प्रश्नाचे उत्तर एका शिक्षकाने आपल्या आयुष्यभराच्या लेखनातून देऊन ठेवले आहे. पत्र कसे लिहावे याचे नियम त्याने सांगितले नाहीत. त्याने मुलांना पत्रे लिहिली. तो शिक्षक म्हणजे पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच महाराष्ट्राचे साने गुरुजी. ‘श्यामची आई’चे लेखक, स्वातंत्र्यसैनिक, पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी प्राण पणाला लावणारे सत्याग्रही या त्यांच्या ओळखी सर्वांना ठाऊक आहेत. मुलांना पत्र लिहिणारा माणूस ही त्यांची ओळख मात्र काहीशी मागे पडली आहे.

पालगडचे घर

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, पालगड या गावी झाला. घराणे खोताचे. एके काळी संपन्न असलेल्या या घराची स्थिती वडील सदाशिवराव यांच्या काळात खालावत गेली. कर्ज वाढले आणि घरावर जप्ती येण्यापर्यंत पाळी आली. या पडत्या काळातही आई यशोदाबाई यांनी मुलांच्या मनावर केलेले संस्कार गुरुजी जन्मभर विसरले नाहीत. तळपायांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या मुलाला, मनालाही घाण लागू नये म्हणून असेच जपत जा, असे सांगणारी ती आई होती. तिची शिकवण उपदेशातून येत नसे. अंघोळ, जेवण, झाडाची पाने, शेजारणीचे दुखणे अशा रोजच्या घटनांतून ती सहज येई. पुढे मुलांसाठी लिहिताना गुरुजींनी हाच मार्ग धरला.

शिक्षणासाठी त्यांना लहान वयातच घर सोडावे लागले. दापोलीची मिशनची शाळा, नंतर औंध संस्थान, त्यानंतर पुण्याचे नूतन मराठी विद्यालय असा हा प्रवास झाला. औंधला स्वतःच्या हाताने स्वयंपाक करून, कधी अर्धपोटी राहून त्यांनी विद्याभ्यास केला. घरापासून दूर राहणाऱ्या मुलाला खुशालीचे एक पत्र किती मोलाचे असते, हे कळण्यासाठी त्यांना दुसऱ्या कोणाचा अनुभव घ्यावा लागला नाही. १९१७ साली आईचे निधन झाले. मुलगा तेव्हा शिक्षणासाठी दूर होता आणि अखेरची भेट झाली नाही. जे त्या वेळी सांगता आले नाही, ते सांगण्यासाठी त्यांना पुढे एक अख्खे पुस्तक लिहावे लागले.

१९१८ मध्ये ते मॅट्रिक झाले आणि १९२२ मध्ये पुण्यातून मराठी व संस्कृत हे विषय घेऊन बी.ए. झाले. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते खानदेशातील अमळनेर येथील तत्त्वज्ञान मंदिरात आले. तेथे ग्रंथ होते, शांतता होती, विद्वानांचा सहवास होता. परंतु त्यांचे मन रमले ते तत्त्वज्ञान मंदिराबाहेर, मुलांत. १९२४ साली ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. हीच शाळा पुढे प्रताप हायस्कूल म्हणून प्रसिद्ध झाली.

छात्रालयातील रात्रीचे लेखन

शाळेबरोबरच वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. खेड्यापाड्यांतून आलेली, आईवडिलांपासून दुरावलेली ही मुले होती. गुरुजींनी तेथे पर्यवेक्षकाचा धाक चालवला नाही. मुले शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या झाडत, अस्ताव्यस्त पडलेले कपडे घडी करून ठेवत, कंदिलाच्या काचा पुसत. कोणी आजारी पडले तर उशाशी रात्र जागून काढत. खोली आवरायला न सांगता ती आवरून ठेवायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी मुलाला स्वतःलाच संकोच वाटतो, अशी ही रीत होती.

याच वसतिगृहात त्यांनी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक सुरू केले. दिवसभर शिकवून झाल्यावर रात्री ते लिहायला बसत आणि सकाळी अंक मुलांच्या समोर येई. देशातील घडामोडी, थोर पुरुषांच्या जयंत्या आणि पुण्यतिथ्या, एखादी गोष्ट, एखादी कविता, वसतिगृहातील लहानसहान प्रसंग, कोणाचे कौतुक, कोणाला हळुवार समज असा मजकूर त्यात असे. नाव दैनिकाचे असले तरी त्याचे अंतरंग पत्राचे होते. लिहिणारा एक होता, वाचणारे मोजके होते आणि लिहिणाऱ्याला प्रत्येक वाचक नावाने व स्वभावाने माहीत होता. समोरासमोर सांगितले तर मुलाला बोचले असते, ते कागदावरून सांगितल्यामुळे त्याला एकांतात वाचता येई आणि मनात घोळवता येई. पुढे १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक काढले. अमळनेरच्या चार भिंतींतील हे हितगुज त्यातून बाहेरच्या मुलांपर्यंत पोहोचू लागले.

शिक्षकाची ही नोकरी जेमतेम सहा वर्षांची. १९३० मध्ये गांधीजींच्या मिठाच्या सत्याग्रहाने देश ढवळून निघाला आणि गुरुजींनी शाळा सोडून त्यात उडी घेतली. ज्या मुलांना त्यांनी देशावर प्रेम करायला शिकवले, त्यांच्यापुढे स्वस्थ बसून राहणे त्यांना शक्य नव्हते. मुलांच्या डोळ्यांत पाणी होते आणि गुरुजींच्याही. शिक्षकी पेशा सुटला. शिक्षकपण सुटले नाही.

तुरुंगाच्या भिंती आणि श्याम

त्यानंतरच्या काळात धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक, येरवडा अशा अनेक तुरुंगांत त्यांचे दिवस गेले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेतील सत्याग्रहींच्या सहवासात ते तमिळ शिकले आणि पुढे ‘कुरल’ मराठीत आणला. एकाच देशाची माणसे परस्परांची भाषा जाणत नाहीत, याची खंत तेथे त्यांच्या मनात रुजली. प्रांताप्रांतांना जोडणाऱ्या ‘आंतरभारती’च्या कल्पनेचे बीज त्या खंतीत होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. ती अठराही प्रवचने टिपून घेतली गुरुजींनी. आज ‘गीता प्रवचने’ म्हणून घरोघरी वाचला जाणारा ग्रंथ त्यांच्या लेखणीमुळे वाचला.

नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतली. अवघ्या पाच दिवसांत, दिवसा काम आणि रात्री लेखन अशा रीतीने, तिचा बहुतांश भाग लिहून झाला. १९३५ साली पुस्तक प्रसिद्ध झाले. आश्रमातील मित्रांना श्याम रोज रात्री आपल्या आईच्या आठवणी सांगतो, अशी त्याची मांडणी आहे. समोर ऐकणारी माणसे बसली आहेत, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत बोलणे चालले आहे, असे वाचताना वाटते. प्रकरणांना त्यांनी प्रकरणे न म्हणता रात्री म्हटले, त्यातही हीच जवळीक आहे. गुरुजींना निनावी वाचकासाठी लिहिता येत नसे. लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर कोणीतरी असावे लागे. म्हणूनच पुढे तरुणांशी समाज, धर्म आणि राजकारण यांविषयी बोलावेसे वाटले, तेव्हाही त्यांनी पत्राचाच आधार घेतला. ‘श्यामची पत्रे’ या पुस्तकातील विचार एका तरुणाला उद्देशून लिहिलेल्या पत्रांतून येतात. प्रबंधाला वाचक प्रश्न विचारत नाही. पत्र लिहिताना मात्र समोरच्याचे शंकाकुल मन लेखकाला सतत जाणवत असते.

मुलांसाठी त्यांनी केलेले इतर लेखनही याच जातीचे आहे. ‘गोड गोष्टी’ या मालेत त्यांनी जगातील थोर कादंबऱ्या मराठी मुलांना सोप्या भाषेत सांगितल्या. व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’ त्यांच्या हातून ‘दुःखी’ झाली आणि जॉर्ज एलियटची ‘सायलस मार्नर’ ‘मनूबाबा’ झाली. वाक्ये लहान, शब्द घरातले, मधूनच मुलांना विचारलेला एखादा प्रश्न. हीच भाषा त्यांच्या पत्रांचीही आहे.

सुधाला लिहिलेली पत्रे

१९४२च्या लढ्यात गुरुजी भूमिगत झाले, पकडले गेले आणि पुन्हा तुरुंगात गेले. स्वातंत्र्य उंबरठ्यावर असताना त्यांनी महाराष्ट्रभर दौरा करून पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले करण्यासाठी जनमत जागे केले. १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरात उपोषण आरंभले. दहा दिवसांनंतर मंदिराची दारे उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. परंतु हा आनंद फार काळ टिकला नाही. फाळणीचा रक्तपात झाला आणि ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रातला निघाला, याचे शल्य गुरुजींच्या जिव्हारी लागले. त्यांनी २१ दिवसांचे उपोषण केले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले.

या खिन्न वर्षांतच त्यांनी आपल्या शाळकरी पुतणीला, सुधाला, पत्रे लिहिली. ती ‘साधने’तून प्रसिद्ध झाली आणि नंतर ‘सुंदर पत्रे’ या नावाने पुस्तकरूपात आली. बाहेर देशाच्या भवितव्याची चिंता, खिशात पैशांची ओढाताण, साप्ताहिक चालवण्याची दगदग आणि मनात घर करून बसलेली निराशा. अशा वेळी हा माणूस एका लहान मुलीला पाऊस, झाडे, फुले आणि पक्षी यांच्या वार्ता कळवत होता. प्रवासात पाहिलेली गावे, भेटलेली साधीसुधी माणसे, थोरांच्या जीवनातील प्रसंग, देशात आणि जगात घडलेल्या घटना, घरच्या जुन्या आठवणी, मधूनच एखादी गोष्ट, असे सारे त्या पत्रांत येते.

पत्र एका मुलीच्या नावाने आणि वाचणारी मुले महाराष्ट्रभर, अशी ही विलक्षण व्यवस्था होती. ‘साधने’चा अंक हाती पडल्यावर कोणत्याही घरातील मुलाला ते पत्र आपल्यालाच आले आहे असे वाटावे, इतके ते घरगुती असे. त्यापूर्वी पंडित नेहरूंनी कन्या इंदिरेला लिहिलेली पत्रे पुस्तकरूपाने १९२९ साली प्रसिद्ध झाली होती. पृथ्वीची उत्पत्ती आणि मानवजातीची आरंभीची वाटचाल त्यांत मांडलेली होती. नेहरूंच्या पत्रांत एक पिता लेकीला जगाच्या इतिहासाची ओळख करून देतो. गुरुजींच्या पत्रांतील काका पुतणीचे बोट धरून अंगणात, शेताच्या बांधावर आणि नदीकाठी हिंडतो. इतिहास तेथेही भेटतो, पण वाटेत.

न सांगितलेले नियम

या पत्रांतून मुलांनी काय शिकावे, याची यादी गुरुजींनी दिलेली नाही. तरीही मुलांना पत्र लिहायला शिकवू पाहणाऱ्या शिक्षकाला आणि पालकाला तेथे बरेच काही सापडते.

पहिली गोष्ट अशी, की पत्राचा आरंभ समोरच्या माणसापासून होतो. त्याचा अभ्यास, त्याची प्रकृती, त्याच्या आवडीनिवडी यांची विचारपूस झाल्यावर स्वतःचे सांगणे येते. दुसरी गोष्ट, लिहिण्यासाठी मोठी घटना घडावी लागत नाही. खिडकीतून दिसलेला पक्षी किंवा पहिल्या पावसाचा मातीचा वास एवढ्या भांडवलावर पत्र उभे राहते. मात्र त्यासाठी डोळे उघडे ठेवावे लागतात. झाडाला नुसते झाड म्हणून चालत नाही, त्याचे नाव माहीत असावे लागते. पत्र लिहायचे आहे म्हणून मूल आजूबाजूला नीट पाहू लागते, हा पत्रलेखनाचा मोठा लाभ आहे.

तिसरी गोष्ट भावनेची. आनंद झाला तर झाला म्हणावे, वाईट वाटले तर तसे लिहावे. मोठ्या माणसालाही दुःख होते, हे मुलापासून लपवावे असे गुरुजींना वाटले नाही. ते मुलांसाठी लिहीत तेव्हा भाषा सोपी करीत, परंतु विषय पोरकट करीत नसत. गरिबी, जातिभेद आणि मृत्यू या गोष्टी मुलांना कळत नाहीत, असा त्यांचा समज नव्हता.

या लेखनावर टीकाही झाली. गुरुजींचे साहित्य रडवे आहे, हळवे आहे, मुलांना दुबळे करणारे आहे, असा आक्षेप त्यांच्या हयातीपासून घेतला जातो. त्यात काहीच तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. त्यांच्या पुस्तकांतील अश्रूंचे प्रमाण मोठे आहे आणि आजच्या मुलांना काही ठिकाणी ते अवघड वाटते. तथापि पंढरपूरच्या बडव्यांपुढे आणि इंग्रजांच्या तुरुंगात ताठ उभा राहिलेला हाच माणूस होता, हेही विसरता येत नाही. शिवाय ‘सुंदर पत्रे’ वाचताना अश्रूंपेक्षा कुतूहलच अधिक भेटते. तेथे जगाकडे पाहून हरखून जाणारे, पन्नाशीकडे झुकलेले एक मूल दिसते.

अखेर

हे कुतूहल गुरुजींना स्वतःला वाचवू शकले नाही, ही या जीवनकथेतील सर्वांत अवघड गोष्ट आहे. ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांनी स्वतःच्या हाताने आपली जीवनयात्रा संपवली. वय अवघे पन्नास वर्षांचे. स्वतंत्र भारतात दिसू लागलेला स्वार्थ, माणसामाणसांतील दुरावा, मनाची जुनी उदासीनता अशी त्याची अनेक कारणे आजवर सांगितली गेली. त्यांपैकी कोणतेही एक कारण पुरेसे नाही. ज्याने हजारो मुलांना धीर दिला, त्याला धीर देणारे शब्द त्या दिवसांत त्याच्यापर्यंत पोहोचले नाहीत, एवढे मात्र खरे. मुलांना दिसणारा हसरा माणूसही आतून एकटा असू शकतो आणि त्यालाही कोणीतरी खुशाली विचारावी लागते, हा त्या मृत्यूचा बोध महाराष्ट्राने पुरेसा घेतला असे म्हणता येत नाही.

त्यांच्यामागे त्यांचे काम राहिले. ‘साधना’ साप्ताहिक चालू राहिले. आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये पडद्यावर आणलेल्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. पुस्तकाच्या आवृत्त्या निघत राहिल्या. त्या मानाने ‘सुंदर पत्रे’ मात्र कपाटाच्या मागच्या रांगेत गेली. पोस्टकार्डाची जागा आधी दूरध्वनीने आणि नंतर मोबाइलवरील संदेशाने घेतली. दुपारी पोस्टमनच्या हाकेने उंबरठ्यापर्यंत धावत येणारी मुले शहरांत दिसेनाशी झाली. मराठीच्या प्रश्नपत्रिकेत पत्रलेखनाचा प्रश्न टिकून आहे आणि मुले त्याचे उत्तर आजही गुणांसाठी लिहितात. बहुतेकांना स्वतःच्या नावाचे पत्र कधी आलेलेच नसते.

नेमके येथेच अमळनेरच्या त्या शिक्षकाची रीत उपयोगी पडते. बोलणारी माणसे कानावर पडल्याखेरीज मूल बोलू लागत नाही. पत्राचेही तसेच आहे. आठवीतल्या मुलीला काकाचे, वसतिगृहातल्या मुलाला शिक्षकाचे, परगावच्या नातवाला आजीचे दोन ओळींचे पत्र आधी यावे लागते. ते वाचल्यावर उत्तर काय लिहावे, हे शिकवण्याची फारशी गरज उरत नाही. मायना चुकेल, ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, पण सांगण्यासारखे काहीतरी असेल.

पालगडला गुरुजींचे घर स्मारक म्हणून जपले गेले आहे. तेथे जाणे सर्वांनाच जमेल असे नाही. त्यांच्या जयंतीला किंवा पुण्यतिथीला घरातील एखाद्या मुलाच्या नावाने चार ओळी लिहून त्या पेटीत टाकणे मात्र कोणालाही जमण्याजोगे आहे.